ट्रम्पेटवाल्याची बरगडी

मांडवाला नारळाच्या झावळ्या बांधताना साठी ओलांडलेला बेसिल शिडीवरून घसरला आणि ओट्याच्या कडेवर डाव्या कुशीवर आपटला. लग्न पुतणीचं, सॅशाचं. शनिवारी संध्याकाळी उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या न्हाणाचं पाणी, आणायला माझगावची अख्खी आळी वाजतगाजत विहिरीवर जाणार आणि सगळ्यांच्या पुढे बेसिलचं ट्रम्पेट. ते दुसऱ्या कोणी फुंकायचं ही कल्पनाच त्याला सोसवेना. म्हणून परळच्या हॉस्पिटलात, इमर्जन्सीच्या खाटेवर, किती दुखतंय असं विचारलं की तो नुसता ‘थोडं’ म्हणायचा.

लिलीला ते ‘थोडं’ काही पटेना. तिचा नवरा ताटावर मीठ मागायचं तरी भाषण ठोकतो. आज तो दोन शब्द बोलून थांबत होता, आणि आलेला खोकला चादरीचं टोक चावून गिळत होता.

एक्स-रेत तीन बरगड्या मोडलेल्या निघाल्या. डॉक्टर अनुजाने, लिलीच्या सुनेच्या वयाची असेल, नीट समजावून सांगितलं. बरगड्या आपल्या आपण जुळतात. भीती वेगळीच. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकत नाही, मग कफ साचतो, न्यूमोनिया होतो आणि या वयात तो जिवावर बेततो. दुखण्याची जालीम औषधं द्यावीत तर त्यांनी श्वास आणखी मंदावतो. त्यापेक्षा सोनोग्राफीवर बघत कुशीत एक इंजेक्शन द्यायचं, तेवढाच भाग बधिर करायचा.

‘बधिर’ म्हटल्याबरोबर बेसिल उठूनच बसायला लागला. नको म्हणजे नको.

का, ते लिलीलाच ठाऊक. मागे एकदा दाढ काढून तो तसाच एका वरातीत वाजवायला गेला होता. ओठ लोंबलेला, लाळ गळतेय आणि ट्रम्पेटमधून बकरी ओरडावी तसा आवाज. नवरदेवाची घोडी बिथरली. आळीतल्या पोरांना ट्रम्पेट शिकवणाऱ्या नवऱ्याचा हा किस्सा लिलीने लाजत लाजत डॉक्टरणीला सांगितला आणि सांगता सांगता तिलाच हसू फुटलं. बेसिलला हसणं परवडण्यासारखं नव्हतं.

“ओठ लोंबला,” तो म्हणाला आणि थांबला. “तशी छाती लोंबली तर? वारा कुठून आणू?”

डॉक्टरीण हसली नाही. तिने स्टूल ओढलं. “अंकल, तुम्ही पोरांना शिकवता ना? श्वास कुठून घ्या म्हणता?”

“पोटातून.” मग दम खाऊन, “छातीतून घेतो तो गाढव.”

“मग झालं तर. पोटातून श्वास ओढणारा पडदा वेगळा, त्याची नस मानेतून येते. तिला मी हातही लावत नाही. धोका अगदीच नाही असं नाही म्हणणार, पण सुई कुठे जातेय ते मला सतत दिसेल.”

लिली बेसिलच्या कानाशी वाकली. “पोटातून, पोटातून म्हणून पोरांची डोकी खाल्लीस. आणि आता स्वतः छातीसाठी अडून बसलायस?”

बेसिलने मुकाट्याने कूस पुढे केली.

स्क्रीनवर करडे करडे पदर दिसत होते. लिलीला ते चिरोट्यासारखे वाटले. त्यातून सुई अलगद सरकली. थोड्या वेळाने डॉक्टरीण म्हणाली, आता खोका. बेसिल आधी चोरून खोकला. मग जरा मोठ्याने. मग असा खोकला की पलीकडच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली. लग्न झाल्यापासून नवऱ्याकडून इतकं गोड काही लिलीने ऐकलं नव्हतं.

कुशीला बरं वाटलं म्हणजे हाड जुळलं असं नाही, काही दिवस इथेच राहायचं आणि ट्रम्पेट दीड-दोन महिने पेटीत, असं डॉक्टरणीने बजावलं. लिली वादळाची वाट बघत होती, तेवढ्यात सॅशाचा फोन आला. पोरगी रडत होती. बेसिलने फोन कानाला लावला.

“रडू नकोस गं, ट्रम्पेट माझ्या शिकवणीतल्या वेनला दे, त्याला सांग विहिरीशी घाई करू नको, बायका पाणी भरेपर्यंत हळूच वाजव, आणि परत फिरताना क्रूसापाशी जोर लाव, तिथे तुझी आजी खिडकीत बसलेली असते, तिला कमी ऐकू येतं...”

सगळं एका दमात. एरवी लिलीने त्याला मध्येच तोडलं असतं. आज ती खाटेला टेकून ऐकत राहिली, हा श्वास संपतोय तरी कधी ते बघत.