मकारियाचा अंगठा

मेक्सिको शहराच्या विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर मकारियाला समोर तिच्या नावाची पाटी धरून एक माणूस उभा दिसला. ती मान ताठ ठेवून त्याच्यापुढून सरळ निघून गेली. तिला घ्यायला आलेला तिच्या बहिणीचा मुलगा उबाल्दो मागून धावत आला.

"मावशी, अगं थांब. ती पाटी तुझ्याच नावाची आहे. फिदेंसियोने तुझ्यासाठी गाडी पाठवलीय."

"माझं नाव लिहिलंय त्यावर?"

"हो. चांगलं मोठ्या अक्षरात."

"मला कुठे वाचता येतं?" मकारिया म्हणाली, आणि खांद्यावरच्या खोक्याची दोरी तिने नीट ओढून घेतली.

वाचता येत नाही, हेच तर सगळ्याचं मूळ होतं. चार महिन्यांपूर्वी ती नातीच्या बाळंतपणासाठी मुलाकडे, फिदेंसियोकडे, देशाच्या पार उत्तर टोकाला तिहुआनाला गेली होती. बाळंतपण झालं, बाळ मान सावरायला लागलं, तरी परतीच्या तिकिटाचं नाव कुणी काढेना. मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर भाताच्या भांड्याशेजारी एक कागद आला.

"आई, मेक्सिको शहरातलं घर भाड्याने देऊन टाकू," फिदेंसियो म्हणाला. "त्र्याहत्तर वर्षांची तू. एकटी राहणार. साधी बसवरची पाटी वाचता येत नाही तुला. कुठे हरवलीस म्हणजे?"

"सहीबिही काही नको, आई," सून म्हणाली. "नुसता अंगठा दिला की झालं."

नुसता अंगठा! ज्यांना लिहिता येतं त्यांना अंगठा फुकटात मिळाल्यासारखा वाटतो. मकारिया एकोणीस वर्षांची होती तेव्हा, आज जिथे तिचं घर आहे त्या मेक्सिको शहराच्या कडेच्या सांतो दोमिंगोच्या माळावर ज्वालामुखीचा काळा खडक सोडून दुसरं काहीही नव्हतं. पाणी नाही, वीज नाही, रस्ता तर नाहीच. दर रविवारी गल्लीतल्या बायका पहार नि घण घेऊन बाहेर पडायच्या. आपल्या दारापुढचा खडक आपणच फोडायचा, हा तिथला नियम. नवरा कधीच परागंदा झाला होता. फिदेंसियोला पाठीला बांधून तिने उरलेला खडक फोडला, आणि त्याच दगडांच्या भिंती उभ्या केल्या. ते घर आता कोण कुठल्या भाडेकरूला द्यायचं, आणि हिने मुलाच्या घरी कोपऱ्यातल्या पलंगावर बसून दिवस मोजायचे.

तेव्हा तिने कागद बाजूला सारून सांगितलं, "विमानतळावरून मी माझ्या घरी जाईन. वाटेत कुणाला काही न विचारता. एकदा जरी कुणाला विचारलं, तर घरी पोहोचल्याबरोबर अंगठा देते. नाही विचारलं, तर हा कागद पुन्हा माझ्यासमोर आणायचा नाही."

फिदेंसियो हसला, कबूल म्हणाला. मेक्सिको शहरातच राहणाऱ्या उबाल्दोने साक्षीदार व्हायचं ठरलं. त्याने मुकाट मागून चालायचं, रस्ता दाखवायचा नाही. त्याच्या खिशात फिदेंसियोने पाठवलेला तो कागदही होता आणि शाईची डबीही. दोन्ही त्याने आठवणीने आणायला लावली होती.

"मावशी, ती गाडी नको तर नको," उबाल्दो आता म्हणत होता. "इथे टॅक्सीच्या खिडक्या आहेत. नुसतं सांतो दोमिंगो म्हणायचं, पावती मिळते, ड्रायव्हर दारात सोडतो. पैजही मोडत नाही. चार तास विमानात अवघडून बसलीस."

"टॅक्सीने मी गेले असं नाही होत, मला नेलं असं होतं," मकारिया म्हणाली. "पुढच्या आठवड्यात तुझा भाऊ हेच म्हणेल. तुला आईने दिलेलं डोकं असतं तर तुलाही कळलं असतं."

"मग बस? ती बाहेरच थांबते."

"साक्षीदार बोलत नसतो, उबाल्दो."

ती डाव्या हाताला वळली आणि खोकं खांद्यावर घेऊन इमारतीच्या पार टोकापर्यंत चालत गेली. वाटेत तीन जणांनी 'टॅक्सी, टॅक्सी, सेन्योरा' म्हणून तिचं खोकं धरायचा प्रयत्न केला, आणि तिघांनीही तिच्या नजरेला नजर भिडल्यावर ते सोडलं. टोकाला मेट्रोचा जिना होता. तिने पदरासारख्या गुंडाळलेल्या शालीतून कार्ड काढलं, फाटकावरच्या यंत्राला टेकवलं, आणि आत गेली.

या शहरातल्या मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनाला नावाबरोबर एक चित्र आहे. मेट्रो सुरू झाली तेव्हा पुष्कळ लोकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून कुणा शहाण्याने ही सोय केली. लिहिता-वाचता येणाऱ्यांचं हल्ली त्या चित्रांकडे लक्षही जात नाही. मकारियाने मात्र पन्नास वर्षं सगळं शहर या चित्रांवरून पालथं घातलं होतं. कांगारूच्या दिशेने पिवळ्या मार्गाने जायचं, दगडी पिरॅमिडला उतरायचं, हिरव्या मार्गाला लागायचं, आणि साप आला की घर.

संध्याकाळचे पाच वाजले होते. फलाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढचे डबे बायकांचे. मकारिया तिकडे वळली तसा उबाल्दो पण मागोमाग निघाला, पण आडव्या कठड्याशी उभ्या असलेल्या पोलीस बाईने त्याला हाताने मागे लोटलं.

"माझी मावशी आहे ती. मला तिच्यावर लक्ष ठेवायचंय."

"बाळा, तिकडून ठेव लक्ष," पोलीस बाई म्हणाली. बायका हसल्या. मकारियाही हसली, आणि आत शिरली.

गाडी सुटली. कांगारू गेलं. पुढे एक बाई कुरकुरीत कवचाचे 'जपानी' शेंगदाणे विकायला आली, ती नेमकी मकारियाच्या खिडकीला पाठ लावून उभी राहिली. दोन स्टेशनं चित्राविना गेली. मकारियाने मान वाकडी करून पाहिलं, तरी काही दिसेना. शेजारणीला नुसतं विचारलं असतं तर तिने आनंदाने सांगितलं असतं. मकारियाने ओठ घट्ट मिटले. मग शेंगदाणेवाली हलली, तिच्या काखेखालून मगुएचं काटेरी झुडूप दिसलं, आणि मकारियाचा जीव भांड्यात पडला. अजून दोन. पिरॅमिड दिसल्यावर ती खोक्यासह धक्के देत उतरली.

गर्दी ओसरली. उबाल्दो कुठेच नव्हता.

एक गाडी गेली, दुसरी गेली. मकारियाला आता सरळ घरी जाता आलं असतं. पण साक्षीदाराशिवाय पोहोचलीस कशी, कुणाला विचारलं नाहीस कशावरून, असं फिदेंसियो म्हणणार हे तिला दिसत होतं. ती खोक्यावर बसली. तेवढ्यात शालीतला फोन वाजला.

"मावशी," उबाल्दोचा आवाज चिरकला होता. "मला उतरताच आलं नाही गं. दारापर्यंत पोहोचेपर्यंत दारं बंद. दोन जणांना विचारलं, एक म्हणतो वर जा, दुसरा म्हणतो खाली. नकाशा उघडतोय तर नेट चालत नाही."

"कधी बसला होतास मेट्रोत शेवटचा?"

"कॉलेजात असताना."

हातात सगळ्या जगाचा नकाशा घेऊन पोरगं हरवलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणखी काय. मकारियाला त्याचा रागही आला आणि कीवही.

"समोर भिंतीवर चित्र काय आहे?"

"चित्र? थांब. बस आहे. बसचं तोंड."

"मग एकच स्टेशन पुढे गेलास. जिन्याने पलीकडच्या फलाटावर जा. येईल त्या गाडीत चढ, आणि दाराशीच उभा राहा. पिरॅमिड आला की उतर. मी इथे बसलेय. रडू नकोस."

"रडत नाहीये मी."

"बरं."

तो आला तेव्हा घामाने निथळत होता. मार्ग बदलायच्या लांबलचक बोगद्यात, जिथे छतावर चांदण्या चमकतात, तो तिच्या मागून नाही, बाजूने चालला, आणि न सांगता तिचं खोकं त्याने घेतलं. हिरव्या मार्गावर पुन्हा बायकांचा डबा वेगळा. कठड्यापाशी मकारियाने त्याला बजावलं, "तोफ येईल, सिंह येईल, करकोचा येईल. हलायचं नाही. कोल्ह्यासारखा एक प्राणी दिसला की दाराशी सरकायचं. साप दिसला की उतरायचं."

सापाला ती उतरली, आणि मागच्या डब्यातून उबाल्दोही उतरला.

घराला चार महिन्यांची धूळ बसली होती. दारापुढच्या बुगनवेलीला शेजारणीने पाणी घातलेलं दिसत होतं. मकारियाने कुलूप काढलं, दाराला हात लावून क्षणभर उभी राहिली. आत जायच्या आधीच उबाल्दोचा फोन वाजला. फिदेंसियो होता.

"पोहोचली," उबाल्दो म्हणाला. "कुणालाही विचारलं नाही तिने. उलट मीच हरवलो, दादा. तिनेच मला आणलं."

"फोन मोठ्याने लाव," मकारिया म्हणाली.

"शाबास आई," फिदेंसियो म्हणाला. "मानलं तुला. पण आता ऐक. उबाल्दोकडे तो कागद आहे ना, त्यावर अंगठा देऊन ठेव. लगेच काही करत नाही मी. नुसता असू दे, अडीअडचणीला. आज जमलं, उद्याचं काय सांगावं? माझ्या जीवाला घोर नको."

उबाल्दो खाली बघू लागला. पैज, कबुली, सगळं वाऱ्यावर. मकारियाला वाईट वाटलं. राग त्याहून जास्त आला. याला पाठीवर घेऊन फोडलेला खडक तिच्या पायाखाली होता, आणि त्याला तिचा शब्द पुरत नव्हता, स्वतःचा पाळवत नव्हता.

"काढ शाई," ती उबाल्दोला म्हणाली.

"मावशी, नको देऊस," उबाल्दो फोनवर हात ठेवून हळूच म्हणाला.

"काढ म्हणते ना."

त्याने डबी काढली. कागदही उलगडला. मकारियाने अंगठा शाईत चांगला बुडवला, बाजूबाजूने फिरवून घेतला. मग ती त्या कागदाला पाठ करून दाराकडे वळली, आणि चौकटीशेजारच्या भिंतीवर, चुना लावलेल्या दगडावर, डोळ्यांच्या उंचीला तिने अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा तिथे एक काळी, ठसठशीत खूण उमटली होती.

"दिला का गं आई?" फोनमधून आवाज आला.

"दिला," मकारिया म्हणाली. "उबाल्दो फोटो पाठवतोय बघ. हे माझ्या स्टेशनाचं चित्र. ओळखता आलं, तर नाताळात पोरांना घेऊन उतर इथे."