ओढ्यापलीकडच्या सह्या

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही काखोटीला मारता ना, तसलेच मी एक जुने पॅड आहे. तपकिरी पाठ आणि वर कागद धरायला लोखंडी चिमटा. लोक मला पुठ्ठ्याचे समजतात, त्याचा मला फार राग येतो. लाकडाचा भुसा दाबून आणि भाजून मला घडवले आहे. माझ्या डाव्या कोपऱ्यावर कुत्र्याचे चार दात उमटले आहेत. ते पाहून कोणी हळहळले की मला हसू येते. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या लढाईत मिळालेली जखम आहे ती, आणि ती मी मोठ्या दिमाखाने मिरवते.

माझी उमेदीची वर्षे पेनसिल्व्हेनियातल्या मिलर्स फोर्ड गावी, शाळेच्या बसगाड्यांच्या आगारात गेली. व्हर्ना ड्रोझ्ड या बसचालक बाईंच्या हातात मी होते. रोज पहाटे त्या मला घेऊन गाडीभोवती फिरत, ब्रेक, दिवे आणि चाके तपासत आणि माझ्यावरच्या कागदावर खुणा करत. बावीस वर्षांत त्यांनी एकही खूण न तपासता केली नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा आगारात केक कापला गेला. तो खाऊन झाल्यावर व्हर्नाबाईंनी मला उचलले आणि त्या म्हणाल्या, "हे माझ्याबरोबर येतंय."

घरी मात्र मी स्वयंपाकघरातल्या खुंटीला लटकले. माझ्यावर काय, तर अंडी, साबण आणि मांजराचे खाणे यांची यादी. असे पाच महिने गेले. मग एका सकाळी रेडिओवर एव्हरेट लिंडक्विस्ट नावाचे गृहस्थ बोलले. हे पूल बांधणारे इंजिनीअर. 'ओपन रोड' नावाच्या छोट्या पक्षातर्फे ते अध्यक्षपदाला उभे राहणार होते. ते म्हणाले, "दोन पक्ष एकच पांघरूण आपापल्या बाजूला ओढतायत, आणि मधल्यामध्ये कुडकुडतोय आपण." व्हर्नाबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला आणि फोन उचलला.

मित्रांनो, दोन मोठ्या पक्षांची नावे मतपत्रिकेवर आपसूक छापली जातात. तिसऱ्याला आधी दारोदार फिरून हजारो मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, त्याही प्रत्येक राज्यात, ठरल्या तारखेच्या आत. आमच्या राज्यात आणखी एक मेख होती. प्रत्येक काउंटीतल्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातल्या, मतदारांसाठी कागद वेगळा. एका काउंटीच्या कागदावर दुसरीतल्या माणसाची सही आली, की ती बाद. आणि कागदाखाली सह्या गोळा करणाऱ्याने शपथ घ्यायची, की वरची सगळी माणसे याच काउंटीतली आहेत.

व्हर्नाबाईंनी अंड्यांची यादी काढली आणि सह्यांचा कागद लावला. माझा चिमटा असा खाडकन बसला, की मांजर टेबलावरून उडी मारून पळाले.

या सगळ्याची थट्टा करायला ऑगी होतेच. ऑगी म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. एकतीस वर्षे गावात टपाल वाटून निवृत्त झालेले, आणि वडिलांपासून एका मोठ्या पक्षाला बांधलेले. रोज सकाळी कॉफीला येत आणि टोमणे मारून जात.

"काय म्हणतायत तुमचे लिंडक्विस्ट? व्हाइट हाउसचे पडदे शिवायला टाकले का?"

"आधी तुझ्या लोकांना तिथून हलू दे, मग मापं घेते."

"मत वाया घालवणार तू, व्हर्ना."

"एकतीस वर्षं लोकांच्या दारात जाहिरातींचे गठ्ठे टाकलेस. वाया घालवण्यावर तू बोलू नकोस."

काय दिवस होते ते! चर्चच्या पायऱ्या, कपडे धुण्याची लाँड्री, बेसबॉलचे मैदान, मी कुठे नाही गेले? कोणी माझ्यावर कोपर टेकून अर्धा तास वाद घातला, कोणी तोंडावर दार आपटले. एका आजोबांनी सही करता करता मला थोपटून म्हटले, "आमच्या वेळची वस्तू. मजबूत." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होते.

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी तर कहर झाला. अग्निशामक दलाच्या हॉलबाहेर दर वर्षी कोंबड्या भाजून विकतात, त्या दिवशी चक्क लिंडक्विस्ट आले. धुळीने माखलेली गाडी आणि सोबत दोनच माणसे. उभ्यानेच त्यांनी तंगडी खाल्ली, बोटे चाटली आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे बोलले. निखाऱ्यांचा धूर डोळ्यांत गेला तेव्हा त्यांनी बाईंच्या हातून मला घेतले आणि माझाच पंखा करून वारा घेतला. भावी अध्यक्षांना मी वारा घातला! त्यानंतर माझ्यापुढे जी रांग लागली, ती हॉलला वळसा घालून रस्त्यावर गेली. बाई विचारत होत्या, "नाव? रस्ता? गाव?" प्रत्येक जण सांगत होता, मिलर्स फोर्ड. कागद भरत होते आणि मी आनंदाने फुगले होते. घोटाळा तिथेच झाला, पण तो कळायला बुधवार उजाडला.

बुधवारी ऑगी नेहमीप्रमाणे कॉफी घेऊन बसले आणि थट्टेसाठीच मला पुढे ओढले. नावांवरून त्यांचे बोट सरकत गेले आणि एके ठिकाणी थांबले. मग ते कॉफी ढवळू लागले. ऑगी कॉफीत साखर घालत नाहीत, तरी ढवळत राहिले. गप्प राहिले असते तर काम तमाम झाले असते, आणि तेही त्यांच्याच पक्षाच्या फायद्याचे.

"व्हर्ना, हे क्विगली कुटुंब ओढ्यापलीकडचं."

"मग? पत्ता मिलर्स फोर्डचाच आहे ना?"

"टपालाचा पत्ता. पोस्ट ऑफिस आपल्या बाजूला आहे, म्हणून पत्ता आपला. पण ओढा ओलांडला की टॉलिव्हर काउंटी लागते. ही बघ, हीसुद्धा. आणि हा तर पार टेकडीमागचा."

बाई खुर्चीत बसल्या. दोघांनी मिळून एकेक ओळ तपासली. एकशे अठरा सह्या चुकीच्या कागदावर होत्या. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत शपथ घ्यायची होती आणि शनिवारी कागद राज्याच्या राजधानीला जायचे होते. बाईंनी तिथल्या पक्षाच्या कचेरीला फोन केला. उत्तर आले, "आपण अगदी काठावर आहोत. एकही सही सोडू नका." म्हणजे या गावातल्या घोटाळ्यापायी अख्ख्या राज्यात लिंडक्विस्टांचे नाव छापले न जाण्याची पाळी आली होती.

"तू बोलला नसतास तर मी डोळे झाकून शपथ घेतली असती," बाई म्हणाल्या.

"आणि आमच्या वकिलांनी सगळ्या ओळींवर काट मारली असती."

"मग बोललास कशाला?"

ऑगींनी टोपी डोक्यावर चढवली. "या लोकांची पत्रं मी टाकलीयत. त्यांनी आपला खरा पत्ता लिहिला, आणि ते खोटे ठरणार? ते मला नाही चालायचं. ऊठ. गाडी मी चालवतो. आणि वाटेत मला भाषण द्यायचं नाही."

बाईंनी पट्टी ठेवून त्या एकशे अठरा ओळी खोडल्या. पट्टीची धार माझ्या पाठीला कळत होती. मग टॉलिव्हर काउंटीचे कोरे कागद माझ्यावर लागले आणि आम्ही ओढ्यावरच्या पुलावरून सुसाट निघालो.

मित्रांनो, ते अडीच दिवस मी जन्मात विसरणार नाही. कोण किती वाजता कुठे सापडेल, हे ऑगींना तोंडपाठ होते. न्हाव्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेली असताना सही करून मोकळे झाले. हेस्टर पगाच नावाच्या बाई हिवाळ्यासाठी टिकवायच्या शेंगांच्या बरण्या उकळत होत्या. "बरण्या उतरल्याशिवाय मी राजालासुद्धा सही देणार नाही," असे म्हणून त्यांनी दोघांना शेंगा निवडायला बसवले. क्विगली तर घराच्या छपरावर कौले बसवत होते. खाली यायला तयार नव्हते. अडुसष्ट वर्षांचे ऑगी मला दातांत धरून शिडी चढले.

"ऑगी? तू तर त्या दुसऱ्यांचा ना?" क्विगलींनी विचारले.

"आहेच. सही कर आणि गप बस. मला उंचावर गरगरतं."

आणि तो कुत्रा! मेजर त्याचे नाव. टपालवाल्याशी त्याचे जुने वैर. गणवेश नसला तरी त्याने ऑगींना बरोबर ओळखले आणि झेप घेतली. ऑगींनी ढाल म्हणून मला पुढे केले. कचकन दात रुतले. पण कागद फाटला नाही, मित्रांनो, चिमटा सुटला नाही, आणि मालकिणीने वरमून नवऱ्याला आणि सासऱ्यालाही सही करायला बाहेर बोलावले.

शुक्रवारी पाचला आठ मिनिटे कमी असताना आम्ही ट्रूडीबाईंच्या दुकानात शिरलो. गाडीच्या नंबरपाट्या देणाऱ्या या बाईंकडे शपथेचा शिक्का होता. एकशे अठरापैकी एकशे नऊ जण सापडले होते. व्हर्नाबाईंनी उजवा हात वर केला. शपथेचा शब्द न् शब्द त्यांनी मोठ्याने म्हटला. शिक्का धप्पकन पडला, आणि तो धक्का मला अजून आठवतो.

ऑगस्टच्या मध्यावर फोन आला. मोठ्या पक्षांच्या वकिलांनी ओळ न् ओळ चाळली होती, तरी चाळीस सह्या जास्तच भरल्या. बाई फोनची तार हातात घेऊन स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसल्या आणि हसत रडल्या.

नोव्हेंबरात लिंडक्विस्ट सपाटून पडले. आमच्या गावात त्यांना एक्केचाळीस मते मिळाली. पण मतदानाच्या दिवशी ऑगी मत देऊन बाहेर आले तेव्हा बाई हॉलसमोरच्या पदपथावर उभ्या होत्या.

"मी आमच्याच माणसाला दिलं," ऑगी म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

"पण तुझ्या माणसाचं नाव पाहिलं. मोठ्यांच्या अक्षराएवढंच अक्षर आहे."

बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. मला मात्र त्यांनी काखेत इतके आवळले, की चिमटा कुरकुरला.

पुढे बरीच वर्षे गेली. मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडले. चिमट्याला गंज चढला, पाठीवर कोळ्याने जाळे विणले. कोणी विचारीना. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

आज मात्र दारावर डेल नावाचा प्लंबर आला. नळासाठी नव्हे, सहीसाठी. आणखी कुठल्या नव्याच पक्षाचा उमेदवार होता त्याचा. व्हर्नाबाईंनी आता काठी धरली आहे. त्यांनी त्याचे पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि परत केले.

"तुझ्या माणसाचं एक अक्षरसुद्धा मला पटत नाही."

"बरं. वेळ दिलात, आभार," म्हणून डेल वळला. त्याच्या हातातले कागद वाऱ्याने उलटेसुलटे होत होते.

"थांब," बाई म्हणाल्या. त्या काठी टेकत गॅरेजमध्ये गेल्या, डबे सरकवले, मला बाहेर काढले आणि बाहीने पुसले. मग डेलचे कागद माझ्या चिमट्यात लावून त्यांनी पेन मागितले, पहिल्या ओळीवर सही केली आणि मला त्याच्या हाती दिले. "मत नाही देणार मी. पण नाव छापून येऊ दे. आणि हे बघ, ओढ्यापलीकडच्यांसाठी कागद वेगळा ठेव."

तर मित्रांनो, जुन्या वस्तू रंगाच्या डब्यांमागे टाकू नका, एवढे माझे मागणे. आणि तुमच्या दारात कोणी असा कागद घेऊन उभा राहिला, तर पटो न पटो, त्याचे ऐकून घ्या. आता मला जास्त बोलायला सवड नाही. डेल पुढच्या घराची घंटा वाजवतो आहे आणि माझ्यावर एकोणतीस ओळी कोऱ्या आहेत.