चौदा बाटल्यांचा अर्ज

"गिळलं? आता बोला काहीतरी."

मशीनवाल्यांनी पाण्याचा पेला खिडकीच्या फळीवर ठेवला. "काल एका शिलाई मशीनच्या पोटात तीन सुया, एक बटण आणि दुधाचा दात सापडला. मालकीण म्हणते, दात तेवढा परत द्या, मशीनचं सावकाश बघा."

बाईंना हसू आवरलं नाही. सरकारी दवाखान्याच्या या खिडकीमागे त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. गर्दच्या नशेची सवय सुटलेल्यांनी पुन्हा त्या वाटेला जाऊ नये म्हणून इथे रोज सकाळी एक पातळ औषध मिळे. ते बाईंच्या डोळ्यांदेखत प्यायचं, वर पाणी घ्यायचं आणि एक पूर्ण वाक्य बोलून दाखवायचं, असा नियम होता; कारण काही बहाद्दर औषध गालात धरून बाहेर नेत आणि विकत. बहुतेक जण आपला नंबर सांगून मोकळे होत. कुणी बाईंच्या नावानं बोटं मोडी. तेही वाक्यच, चालून जाई. शिलाई मशीनं दुरुस्त करणारे मशीनवाले मात्र अकरा वर्षं रोज काहीतरी नवं आणत. घरी बाई एकट्याच. रेडिओ दिवसभर बडबडे, पण तो त्यांच्याकडे बघून बोलत नसे.

"माझ्या अर्जाचं कुठवर आलंय?" मशीनवाल्यांनी विचारलं.

"समितीपुढे आहे," बाई म्हणाल्या.

नियमात नवी सवलत आली होती. ज्यांचं वर्षानुवर्षं सुरळीत चाललंय, त्यांना चौदा दिवसांच्या बाटल्या घरी नेता येणार होत्या. फक्त अर्जावर औषध देणाऱ्याची शिफारशीची सही हवी, मग तो समितीपुढे जाई. मशीनवाल्यांची थोरली बहीण दिवसभराच्या प्रवासावर राहायची आणि हळूहळू सगळं विसरत चालली होती. एक दिवस औषध चुकलं की यांना उलट्या, कापरं. त्यामुळे अकरा वर्षांत ते तिच्याकडे मुक्कामाला गेले नव्हते.

"दारुड्याला कुणी असं वाक्य बोलून दाखवायला लावत नाही," ते म्हणाले. "मी पंचविसाव्या वर्षी माती खाल्ली, कबूल. पण आता साठीला आलो. माझ्या शरीरात काय घालायचं ते मला कधी ठरवता येणार?"

"तुमच्या भल्यासाठीच आहे ना सगळं."

"भलंच आहे हो. पण भल्यालाही रजा असावी."

फार पूर्वी बाईंनी एका न्हाव्याला सणाच्या सुट्टीपुरत्या तीन बाटल्या दिल्या होत्या. त्यानं त्या एकाच बैठकीत संपवल्या आणि तो पुन्हा उठला नाही. त्याच्या बायकोनं या फळीवर डोकं टेकलं होतं. म्हणूनच आपण जपून वागतो, असं त्या स्वतःला बजावत. पण मशीनवाले न्हावी नव्हते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि अर्ज समितीपुढे नव्हताच. दोन महिने तो त्यांच्या खणात होता, कोरा करकरीत, एका सहीवाचून अडलेला.

पुढच्या आठवड्यात मशीनवाल्यांनी औषध घेतलं आणि त्यांना पटकन वाक्यच सुचेना. मग म्हणाले, "ताईनं काल फोनवर मला विचारलं, तुम्ही कोण बोलताय? मग रडायला लागली. म्हणाली, लवकर ये रे, मी आहे तोवर ये."

बाईंनी त्याच दुपारी सही केली. चौथ्या दिवशी चौदा बाटल्या रुमालात एकेक गुंडाळून मशीनवाले गेले. ते दिवस बाईंना खायला उठले. पन्नास माणसं नंबर सांगून जात आणि बाई त्यांना उगाचच विचारत, "आणखी काही?" लोकांना वाटे, बाईंचा संशय वाढलाय.

पंधराव्या सकाळी ते आले. दाढी वाढलेली.

"भेटली ताई?"

"भेटली. मला गॅस दुरुस्तीवाला समजली. चहा दिला, बिचारीनं. शेजारीण म्हणाली, महिनाभर आधी यायला हवं होतं. तेव्हा दारात बसून माझी वाट बघायची." त्यांनी डोळे पुसले. "चालायचंच. समितीला तरी काय माहीत."

इथे गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. बाईंना ते कळत होतं.

"समिती नव्हती," त्या म्हणाल्या. "अर्ज माझ्याच खणात होता. दोन महिने."

"का?"

न्हाव्याचं नाव जिभेवर आलं होतं. बाईंनी ते मागे सारलं. "तुमचं रोज येणं बंद झालं असतं."

मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. मशीनवाल्यांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. पुढच्या चौदा बाटल्या त्यांनी मोजून पिशवीत ठेवल्या आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"यापुढे मी शेजारच्या खिडकीवर येत जाईन," ते म्हणाले. "तेवढं तरी माझं मला ठरवू द्या."

बाईंनी मान हलवली. आपल्या वहीतून मशीनवाल्यांचा कागद काढून त्यांनी तो शेजारच्या खिडकीत सरकवला आणि पुढचा नंबर पुकारला.