नसलेल्या करंगळीची आग

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण कोपऱ्यावरचा औषधवाला एकदा सलग दहा मिनिटं खरं बोलला. घरी त्याचं नावच थापाड्या पडलेलं, आणि ते पाडलं होतं सख्ख्या थोरल्या बहिणीनं.

तीच ताई त्या दुपारी दुकानात आली. एका हातात भिंग, दुसऱ्यात गोळ्यांची पट्टी आणि खोक्यातला घडीचा कागद. चार महिन्यांपूर्वी तिला नागीण झाली होती. फोड गेले, पण डाव्या बरगडीवर आग मागे राहिली. अंगाला कापड लागलं तरी कळवळायची. बाई पडदे शिवणारी, त्यामुळे काम बंद ठेवून शिलाई मशीनवर चादर टाकून बसली होती.

"यात लिहिलंय, नैराश्यावर," ताई म्हणाली. "मी निराश आहे का रे? मी चिडलेली आहे."

"ते दिसतंय."

"मग परत घे हे."

थापाड्याची पंचाईत झाली. जीवनसत्त्वाची गोळी आहे म्हणून सांगणं त्याच्या डाव्या हातचा मळ. पण भिंगवाल्या बाईपुढे ते चालणार नव्हतं, आणि ताईनं गोळी सोडली तर मशीनवरची चादर निघणार नव्हती. निरुपाय होऊन तो खरं बोलू लागला.

"ताई, ही गोळी जुनी आहे, जवळजवळ आपल्या वयाची. निघाली निराश माणसांसाठीच. पुढे नव्या गोळ्या आल्या आणि हिला मागच्या बाकावर बसवलं. पण तोवर डॉक्टरांना कळलं होतं, की हिचा थोडासा डोस नसांची आग शमवतो. अर्धशिशीवर देतात. अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांनाही द्यायचे."

"डोकं, बरगडी आणि अंथरूण, सगळ्याला एकच गोळी? थाप."

"शप्पथ, थाप नाही. नागीण नावाचा पाहुणा कधीच गेलाय, पण तुझ्या दारावरच्या घंटेचं बटण आत अडकलंय. घंटा वाजतेच आहे. ही गोळी तो आवाज खाली आणते."

ताईनं स्टूल ओढलं. "आणखी कुणाला देतात?"

"एक सुतार होता. करवतीखाली करंगळी गेली. जखम भरली, पण करंगळी दुखायची."

"कुठली?"

"गेलेली."

ताईनं स्वतःची करंगळी वाकवून पाहिली, सरळ केली, पुन्हा वाकवली. "नसलेलं बोट दुखतं?"

"ठणकतं. त्यालाही हीच गोळी दिली."

"मग?"

ताई इतकी पुढे झुकली होती, की थापाड्याला राहवेना. दहा मिनिटं तशीही भरत आली होती.

"मग काय, झोपताना एक घेतली. सकाळी उठतो तर ठणका गायब. दिवस मावळायच्या आत गड्यानं दोन दारांचं कपाट उभं केलं, आरशासकट."

ताईनं भिंग पिशवीत टाकलं.

"पोरांचं खरं असेल. बोटाचंही मानते. पण एका रात्रीत, ही थाप."

"कशावरून?"

"मी काय नुसता कागद वाचून आले होय? सहा रात्री घेतेय. तोंडाला कोरड पडलीय, सकाळी डोळा उघडत नाही, आणि आग आहे तिथेच." तिनं पट्टी स्वतःकडे ओढली. "याला आठवडे लागत असणार. थापाड्या, किती ते नीट सांग."