मोकळी तार

तिसऱ्या टेकलाही खर्जकाका त्याच जागी अडखळले. भराभर उतरणाऱ्या आठ सुरांतला सहावा सूर वाजलाच नाही. बोट तारेवर होतं, पण बोटात जोर नव्हता. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने गाणं थांबवलं आणि पुन्हा एकदा घेऊ या म्हणून सांगितलं.

पस्तीस वर्षं बेस गिटार वाजवून, गाण्याच्या तळाशी राहून, त्यांना हे नाव चिकटलं होतं. अंगाईपासून टूथपेस्टच्या जाहिरातीपर्यंत त्यांनी काय वाजवलं नव्हतं? सकाळी नाटकाचं पार्श्वसंगीत, दुपारी सिनेमाचं गाणं, आणि वर्षातले चार महिने कुणा ना कुणा गायकाबरोबर दौऱ्याची बस. ऐनवेळी कुणी वादक आजारी पडला की खर्जकाकांना बोलावणं ठरलेलं. कागदावरून एकदा नजर फिरवली की ते वाजवायला मोकळे. मुलीचा पहिला दात पडल्याचं त्यांना फोनवरच कळलं होतं. त्या दौऱ्यात एकही सूर चुकला नव्हता, हेही ते ठसक्यात सांगत.

आठ महिन्यांपूर्वी डाव्या हाताची करंगळी बधिर झाली, मग शेजारचं बोटही. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोने विचारलं, तेव्हा बसमध्ये हात अंगाखाली आला होता म्हणाले. डॉक्टरकडे जायची छाती होईना. तो 'संपलं' म्हणाला तर? मग उरलेल्या दोन बोटांवर भागवायला शिकले, सूर गाळू लागले. एका तरुण संगीतकाराने तर कौतुकच केलं, की तुमचं वाजवणं आता किती मुरलंय, एक सूर जास्तीचा नाही. काका हसले आणि त्या दिवशी घरी दोन घास कमी जेवले.

आज मात्र गाळायची सोय नव्हती. त्या आठ सुरांवरच गाणं उभं होतं. चौथ्या टेकची तयारी सुरू झाली, तशी त्यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"मला नाही जमणार," ते म्हणाले. "दोन बोटं बधिर आहेत. आठ महिने झाले."

वीस वर्षं शेजारी बसून वाजवणारा ड्रमवाला हातातल्या काठ्यांकडे बघत राहिला. वादकांसाठी सूर लिहून आणणाऱ्या अरेंजरबाई आत आल्या आणि स्टूल ओढून समोर बसल्या.

"ठाऊक आहे, काका. तुमचं मोकळ्या तारांवर भागावं म्हणून पाच महिने गाण्यांच्या पट्ट्या बदलतेय मी. गायिका माझ्या नावाने खडे फोडतेय. हे एक गाणं तेवढं माझ्या हातात नव्हतं."

मोकळी तार म्हणजे बोटाने न दाबता नुसती छेडायची. काका एकेक कागद आठवू लागले. खरंच की! सूर मोकळ्या तारांवर येतात हे आपलं नशीब, असं समजून बसले होते ते. त्यांची मान खाली गेली आणि त्याच क्षणी छातीवरचा धोंडाही उतरला. ड्रमवाल्याने सांगितलं, की त्यालाही कळलं होतं, फक्त काका आपणहून बोलायची वाट तो बघत होता. ते आठ सूर दुसऱ्या कुणी वाजवले. काकांनी ते तिथेच बसून ऐकले. बरे वाजले होते.

डॉक्टरने कोपरात नस दबल्याचं सांगितलं. छोटी शस्त्रक्रिया करावी लागणार होती. लवकर आला असतात तर करंगळीही पुरती सुटली असती, हे त्याने जाता जाता सांगितलं. बायको दवाखान्याच्या बाकावर थोडी रडली, मग तिने डोळे पुसले.

"अहो, झालं होतं ते हाताला. तोंडाला काय झालं होतं?"

शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी शेजारचं बोट परत आलं. करंगळी काही आली नाही. काकांनी हाताची ठेवण नव्याने बसवली, जुनी गाणीही तीन बोटांवर घोटून काढली. मग पहिल्या बोलावण्याला गेले आणि दुसऱ्याच टेकला गाणं मंजूर झालं.

मधल्या सुट्टीत ते स्टुडिओच्या मागच्या पायरीवर, डावा तळवा गुडघ्यावर उघडा टाकून बसले. तीन बोटांना ऊन लागलेलं कळत होतं. करंगळी झोपलेलीच होती. अंगठ्याने त्यांनी तिला हलकेच थोपटलं आणि आतून हाक आली तसे उठले.