चाळीस मिनिटांचे गाव

मला सुरू व्हायला आता चार-पाच मिनिटे लागतात, म्हणून सराव परीक्षेच्या वेळी मुले माझ्यासमोर बसायला तयार नसतात. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. लातुरातल्या एका कोचिंग क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या रांगेत सर्वांत शेवटी माझी जागा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. २०१४ साली इथल्याच एका दुकानात, चहाचे कप बाजूला सारून, टेबलावर माझे भाग एकेक करून जोडले गेले. क्लासचे मालक शेषेराव सर यांना हृदय धडधडताना आणि पेशी दुभंगताना मुलांना दाखवायच्या होत्या. म्हणून माझ्यात चित्रांसाठी भारी कार्ड बसवले होते. तेव्हा अख्ख्या क्लासमध्ये माझ्याइतका ताकदवान कोणी नव्हता. बिलोलीहून, भोकरहून, कुठून कुठून डॉक्टर व्हायला आलेली मुले माझी चित्रे बघून वह्या भरत.

ती चित्रे काढायची अफसानाताई. तिचे वडील मकबूलभाई यांचा औशात फोटो स्टुडिओ होता. उजेड कुठून येतो आणि कुठे पडतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तिने काढलेल्या बेडकाच्या पोटातही सकाळचे ऊन पडल्यासारखे वाटे.

क्लासच्या मुलींच्या मेसमध्ये गौरम्मामावशी भाकरी करायच्या. दुपारी काम उरकले की त्या माझ्या खोलीत पंख्याखाली टेकायच्या. त्यांचे गाव सावळेगाव, तेरणा नदीच्या काठचे. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला आणि दगडमातीची ती सारी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मावशी त्या दिवशी बहिणीच्या बाळंतपणासाठी निलंग्याला होत्या. घरी नवरा होता आणि अकरा वर्षांची मुलगी महानंदा. दोघेही राहिले नाहीत. पुढे सरकारने दुसरीकडे नवे गाव वसवले, पण मावशींचे मन तिथे रमले नाही. त्या लातूरला आल्या.

मावशींपाशी एकही फोटो नव्हता. एकदा त्या सहज म्हणाल्या की, गाव डोळ्यांपुढे येते, पण आताशा पाराकडची गल्ली पुसट होत चाललीय. अफसानाताईने तेव्हाच कागद ओढला. पार कुठे होता, कडुनिंब किती उंच, वेशीवर काय लिहिले होते, ती विचारत गेली आणि मावशी सांगत गेल्या. शेषेराव सरांनीही सुटीच्या दिवशी मला वापरायची परवानगी दिली. दोन वर्षे दर रविवारी माझ्या पोटात सावळेगाव उभे राहत होते. मित्रांनो, मी इतका तापायचो की ताई माझे झाकण काढून समोर टेबलपंखा लावायची. तरी मला थांबावेसे वाटत नसे.

त्या गावाचा तिने एक व्हिडिओ गेम केला. एक लहान मुलगी हातात प्रसादाचे ताट घेऊन विसर्जनाच्या मिरवणुकीमागे चालते. उन्हे कलताना गुलाल उडतो, बैलांच्या पाठीवर तो बसतो, ज्वारीच्या पानांवर सोनेरी कड येते. मुलगी नदीवर पोचते, मागे वळून बघते, एकेका घरात दिवा लागतो आणि खेळ संपतो. शेवटी पडद्यावर फक्त तारीख येते, २९ सप्टेंबर १९९३. सगळे मिळून चाळीस मिनिटे. खेळणाऱ्याने चालायचे आणि बघायचे, एवढेच.

पहिल्यांदा तो मावशींना दाखवला. त्यांना बटण कसे दाबायचे ते शिकवावे लागले. वेस आली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. मग मिरवणूक पुढे गेली, पण मावशी मागेच राहिल्या. त्यांनी मुलीला उजवीकडच्या बोळात वळवले आणि एका निळ्या दारासमोर उभे केले. त्या बटण दाबत राहिल्या. मुलगी जागच्या जागी पावले टाकत राहिली.

"दार उघडत न्हाई का माय?" त्यांनी विचारले.

"आत काय होतं ते तुम्ही कधी सांगितलंच नाही, मावशी," ताई हळूच म्हणाली.

ते खरे होते. साऱ्या गावाचे सांगणाऱ्या मावशी स्वतःच्या उंबऱ्याशी आल्या की गप्प व्हायच्या. त्यांचे बोट बटणावर होते आणि दाराच्या आत माझ्यापाशी काहीच नव्हते, नुसता अंधार होता. मी काय उघडणार?

पुढे तो खेळ इंटरनेटवर गेला आणि मते येऊ लागली. क्लासमध्येही त्यावर वाद झाले. बिलोलीचा फैजान म्हणाला, यापेक्षा सरळ पिक्चर काढायचा, ना लेव्हल, ना जिंकणे, सुरू होतो न होतो तोच संपतो. भोकरच्या आरतीने तो तीनदा खेळला आणि कोणाशी काही न बोलता अभ्यासाला गेली. दूरदूरची माणसे लिहीत. एकाने लिहिले, इतकी सुंदर संध्याकाळ कुठल्याच खेळात पाहिली नाही. त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिले, देखणा आहे, पण आत काही नाही. बहुतेकांची तक्रार एकच, फार लहान. आणि बरेच जण विचारत, त्या निळ्या दाराचे काय?

ताई प्रत्येक मत वाचायची. कौतुकाने खुलायची, मग पुढच्या ओळीला चेहरा पडायचा. ती वाचायची ते माझ्याच पडद्यावर, पण मला कुणाला उत्तर देता येत नव्हते.

मग हैदराबादच्या एका कंपनीने तिच्याशी बोलणे सुरू केले. त्यांना चित्रे फार आवडली होती. खेळ तीन तासांचा करा, ते म्हणाले. त्या मुलीला भूकंपाची चाहूल लागू द्या, तिने घरोघर जाऊन लोकांना जागे करावे, जितकी माणसे वाचतील तितके गुण. लोकांना जिंकायचे असते. ताईने लगेच नाही म्हटले नाही. तिला वाटले, निदान खेळात तरी गाव वाचले तर मावशींना बरे वाटेल. म्हणून तिने त्यांनाच विचारले.



"पंचवीस वर्सं झाली, मी रोज पहाटं तिला हाका मारून राहिले," त्या म्हणाल्या. "उठ म्हनते, भाईर पळ. आजून उठली न्हाई. तुझ्या खेळातली पोरगी कशी उठवंल?"

ताईने माझ्या पडद्यावरचा कंपनीचा मजकूर बंद केला.

"कुनाला उठवू नको," मावशी म्हणाल्या. "पर मला एकदा घरात घेऊन जा."

आणि त्या दुपारी त्यांनी ते सांगितले. उजव्या हाताला गाडग्यांची उतरंड. तिच्यापाशी गार लागते म्हणून महानंदा तिथेच झोपायची. माळवदातल्या, म्हणजे मातीच्या सपाट छतातल्या झरोक्यातून उन्हाचा एक कवडसा यायचा, तो दुपारी चुलीवर असायचा आणि दिवस कलला की भिंतीतल्या देवळीवर. मधल्या खांबावर चुन्याच्या रेघा होत्या, दर दिवाळीला पोरीची उंची मोजलेल्या. शेवटच्या दोन रेघांत चार बोटांचे अंतर. "लई झपाट्यानं वाढली त्या वर्षी," एवढे बोलून मावशी थांबल्या, भिंतीला धरून उठल्या आणि मेसमध्ये गेल्या. संध्याकाळच्या भाकऱ्या त्यांनी नेहमीसारख्याच केल्या.

ताईने कंपनीला नकार कळवला आणि घर करायला घेतले. हे घर तिने कागदावर काढले नाही, सरळ माझ्यातच उभे केले. तो कवडसा तिने सात वेळा मोडून पुन्हा केला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतके चांगले काम कधी केले नव्हते. पूर्ण झाले की दुसरीकडे उतरवून ठेवू, असे ती म्हणायची. फक्त खांबावरच्या रेघा राहिल्या होत्या.

उन्हाळ्याच्या सुटीत ती मामेबहीण मनतशाच्या लग्नासाठी नांदेडला गेली. त्याच आठवड्यात क्लास नव्या इमारतीत हलवायचे ठरले. सराव परीक्षा आता संगणकावर होणार होत्या. सगळी यंत्रे पुसून नव्याने तयार करा, असे शेषेराव सरांनी दयानंदला सांगितले. दयानंद यंत्रे दुरुस्त करणारा, कामाला चोख माणूस. त्याने माझ्यातले क्लासचे सारे व्हिडिओ जपून बाजूला काढले. मग त्याला 'घर' नावाचा कप्पा दिसला. कोणाच्या घरचे फोटो असतील, असे तो स्वतःशी म्हणाला. तरी त्याने ताईला दोनदा फोन लावला. लग्नाच्या गडबडीत तो कोणी उचलला नाही.

मला बोलता येत नाही. मला फक्त एक वाक्य दाखवता येत होते, तेच मी दाखवले. सर्व माहिती कायमची पुसली जाईल, खात्री आहे का?

दयानंदने पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळात पाहिले. अजून चौदा यंत्रे राहिली होती. त्याने 'हो' दाबले.

ताई परत आली तेव्हा माझ्यात काही नव्हते. सारे जिच्यात साठते ती माझी हार्ड डिस्क काढून तिने पुण्यापर्यंत नेली. तिथल्या लोकांनी प्रयत्न केले आणि नकारार्थी मान हलवली. दयानंद तिच्यासमोर उभा राहून रडला. त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता, हे तिला ठाऊक होते.

मावशींना सांगायला ती मेसमध्ये गेली. परत आली तेव्हा ती मकबूलभाईंशी फोनवर बोलली, म्हणून मला कळले. तिने मावशींना हात जोडून म्हटले होते, पुन्हा एकदा सांगा, या वेळी मी लिहून घेते. मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्या पाठीवरून पिठाचा हात फिरवला आणि म्हणाल्या, "एकदा सांगितलं माय. दुसऱ्यांदा न्हाई सांगवत."

मावशी अजून मेसमध्ये आहेत. अफसानाताईही आहे, नव्या यंत्रावर हृदये धडधडवते. ते घर तिने पुन्हा करून पाहिले नाही. आठवणीने झाले असते, पण एखादी रेघ चुकली तर, असे ती म्हणते. इंटरनेटवर तो चाळीस मिनिटांचा खेळ अजून आहे. लोक अजून लिहितात की फार सुंदर, पण फार लहान, आणि दार उघडत नाही. काही जण चिडूनही लिहितात. त्यांचीही चूक नाही. दाराआड काय होते ते मी ऐकले आहे, पण दाखवायला माझ्यात आता फक्त प्रश्नपत्रिका आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राच्या भरवशावर राहू नका. आम्ही सांगाल ते ठेवतो आणि सांगाल ते पुसतो. जे मोलाचे आहे, ते दोन जागी ठेवा आणि त्याच दिवशी ठेवा, पूर्ण व्हायची वाट बघू नका. तुमच्या घरात किंवा शेजारी जर एखादे म्हातारे माणूस आपल्या जुन्या घराबद्दल बोलू लागले, तर हातातले काम ठेवून ऐका. मध्ये उठू नका, पुढच्या वेळी ऐकू असे म्हणू नका. काही माणसे एकदाच सांगतात.