कोपराचं माप

सहादेवच्या गुत्त्याची परमिट रूम झाली, त्या वर्षी राहुरीत बोलायला दोनच विषय होते, निवडणूक आणि सनमायका. निवडणुकीतलं मला फारसं कळत नाही. सनमायका मात्र मीच बसवली.

स्टँडमागच्या गल्लीत तो गुत्ता सहादेवच्या बापापासूनचा. वर पत्रा, खाली फुटकी शहाबादी फरशी आणि भिंतीला लावलेलं एकच लांबलचक सागवानी बाकडं. त्यावर आठ माणसं बसायची. नववा आला की कोणी तरी 'सरका' म्हणायचं आणि सगळे सरकायचे. जागा नाही असं तिथे कोणी कोणाला म्हटल्याचं मी ऐकलं नाही. मग नववा कोणत्या आळीचा, कोणत्या वस्तीचा, हे बघायचं कारणच उरत नसे.

दाराकडच्या टोकाला मी आणि कोंडीराम बसायचो, वीस वर्षं. कोंडीराम बौद्ध वस्तीतला. कृषी विद्यापीठाच्या शेतीवर मजूर म्हणून लागला आणि मुकादम होऊन निवृत्त झाला. इस्त्रीशिवाय सदरा घालायचा नाही. आमच्या लहानपणी त्याच्या वडिलांचा चहाचा कप हॉटेलाच्या बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. ते स्वतःच विसळून परत टांगायचे. तो कप मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. दारूने माणूस सुधारतो असं मी म्हणणार नाही, तिने बिघडलेले ढीगभर दाखवीन. पण त्या बाकड्यावर सरकावं लागायचं, एवढं खरं.

दुरुस्तीचं कळल्यावर गावाची दोन तोंडं झाली. तोंडाला रुमाल लावून गल्लीतून जाणारे मास्तर आता थांबून फरशी कोणती घालणार ते विचारू लागले. गावाची शोभा वाढणार, नगरसारखं होणार, असं बरेच जण म्हणाले. कोंडीरामच्या बायकोला, भागिरथीला, त्या पत्र्यावर वीज पडावी असं वाटे. आता पत्र्याऐवजी स्लॅब येणार म्हटल्यावर तिने देवालाच नव्हे, सगळ्या गावालाही नावं ठेवली. आधी आत शिरायला माणसाला लाज तरी वाटायची, ती पण आता जाईल, असं तिचं म्हणणं. माझ्या घरी चांगुणा वेगळाच हिशेब करत होती. महाग झाली की नवरा कमी पिईल म्हणून ती खूश होती.

आणि मी? मी तर हुरळून गेलो होतो. जन्मभर खाटा, चौकटी आणि कुदळीचे दांडे केले. प्लायवूडच्या केबिनी, गोल कोपऱ्याचं काउंटर, माशांच्या काचपेटीचा कठडा, असलं काम मला कधी मिळणार होतं? सहादेवने कागदावर सगळं काढून दिलं. शेवटी मागच्या बोळाकडच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाला, इथे एक खिडकी पाडा आणि तिला बाहेरून फळी लावा. देशी तिथून देऊ. जुन्या मंडळींना उभ्या उभ्या घेता येईल, त्यांनाही संकोच नको आणि आतल्यांनाही अडचण नको.

मी विचारलं, जुनी मंडळी म्हणजे कोण?

"तुमाला कळतंय की, मिस्त्री," तो म्हणाला.

मला कळलं. कळलं नाही असं आज म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. मी मान डोलावली आणि करवतीला धार लावायला बसलो.

फळीसाठी नवं लाकूड आणू नका, बाकडं मोडा, असंही त्याने सांगितलं होतं. मी मोडलं.

कोंडीराम रोज यायचा. त्याला दुसरं काम नव्हतं आणि माझ्या हाताशी माणूस नव्हता. टेपचं दुसरं टोक तो धरायचा, भुसा झाडायचा, येताना दोघांचा चहा सांगून यायचा. फळी लावायचा दिवस आला. आम्हा सुतारांची रीत अशी की जिथे उभं राहून टेकायचं, ती उंची माणसाच्या कोपरावरून घ्यायची. आकडा पुस्तकातला नको, माणूस उभा करावा. मी त्याला म्हटलं, ताठ उभा राहा, हात दुमड.

"कशाचं माप रं?"

"काउंटरचं," मी म्हणालो.

तो हसला. म्हणाला, माझ्याच मापाचं कर, म्हातारपणी टेकायला बरं. त्याच्या कोपराखाली टेप धरून मी पेन्सिलीची खूण केली. एकेचाळीस इंच. माझे वडील म्हणायचे, सुताराने एक वेळ बायकोशी खोटं बोलावं, मापाशी बोलू नये. मी मापाशी नाहीच बोललो.

उद्घाटन संध्याकाळी पाच वाजता होतं. नारळ फुटला, पेढे वाटले. सहादेवने मला टोपी-उपरणं दिलं आणि पहिल्या केबिनीत नेऊन बसवलं. आमच्याच बाकड्यावरचा गोरक्ष उसाला पाणी देऊन तसाच आला होता, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. त्याला हात धरून आत घेतलं. नव्या फरशीवर त्याची पावलं उमटली तर सहादेव म्हणाला, असू द्या पाटील, पुसता येईल.

मग कोंडीराम आला. पांढरा सदरा, त्यावर इस्त्रीची घडी, पायात नवी चप्पल. ती त्याने दाराबाहेर काढली. सहादेवने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी प्रेमाने.

"आबा, तुमची सोय मागं केलीया."

कोंडीरामने माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोरची जागा रिकामी होती. मला फक्त 'सरका' म्हणायचं होतं, तेही कोणाला सरकावं न लागता. वीस वर्षं मी तो शब्द दिवसातून दहा वेळा बोललो होतो. मी बशीतली शेव बघत बसलो. पुन्हा वर पाहिलं तेव्हा तो वाकून चप्पल घालत होता.

थोड्या वेळाने काउंटरपलीकडे खिडकीत पांढरी बाही दिसली. कोपर फळीवर टेकलं होतं. खांदा वर चढलेला नाही, पाठ वाकलेली नाही. इतकं बरोबर बसलेलं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. मी भरलेला ग्लास तसाच ठेवून उठलो आणि बाहेर पडलो. लोकांना वाटलं, मिस्त्रींना विलायती सोसली नाही.

त्यानंतर सतरा दिवस मी त्या गल्लीत गेलो नाही. चांगुणा आनंदात होती. दारू सुटली म्हणून तिने शेजारणींना सांगितलं आणि माझ्या आवडीची शेंगोळी केली. मी खाल्ली. खाताना तिच्याशीही खोटं चाललंय असं वाटत राहिलं.

अठराव्या दिवशी दिवेलागणीच्या आधी मी मागच्या बोळात गेलो. खिडकीशी कोंडीराम एकटाच होता. मी शेजारी उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो फळीवरून तळहात फिरवत होता. तिच्यावर चुन्याचा पांढरा डाग होता. बाकड्याच्या आमच्या टोकाला बसून वर्षानुवर्षं तो तंबाखूचा चुना तिथेच पुसत आला होता. मी रंधा मारला, पण तो डाग गेला नव्हता.

"आपलंच बाकडं हाय न्हवं हे?"

"व्हय."

"माप घेताना ठाव हुतं तुला?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. तेही जमलं असतं.

"व्हय," मी म्हणालो.

त्याने ग्लास संपवला. आतून कोणाचं तरी मोठ्याने हसणं आलं आणि थांबलं. मला वाटलं आता हा जाईल, किंवा दोन शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते.

तो नेहमीच्या सवयीने डावीकडे सरकला आणि मला जागा करून दिली. फळी दोनच फुटांची होती. त्याचं कोपर तिच्यावरून खाली गेलं.